संक्रांत पुढे का सरकते? एक काठी, चित्रा तारा आणि चोवीस दिवसांचा हिशेब

पुण्यात गच्चीवर एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा. २१ डिसेंबरला माध्यान्हीला तिची सावली साधारण ९० सेंटिमीटर पडते. वर्षभरातली ही सर्वांत लांब माध्यान्हसावली. तीच काठी १४ जानेवारीला मोजली, तर सावली ८४ सेंटिमीटरच्या आसपास येते. तिळगुळाची ताटे सजेपर्यंत सावली बोटभर नव्हे, चांगली तीन-चार बोटे आखडलेली असते. थोडक्यात, सूर्याला उत्तरेकडे वळून तोवर तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटलेला असतो.

तरीही 'मकर संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते' हे वाक्य दरवर्षी सगळीकडे छापले जाते. ते एके काळी खरे होते, आज नाही, आणि ते खरे का राहिले नाही याचे कारण संक्रांतीच्या सणाहून कितीतरी मोठे आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. पहिली, सूर्याचे वळणे. पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य सहा महिने दक्षिणेकडे सरकताना दिसतो, २१-२२ डिसेंबरला थबकतो आणि उलट फिरतो. हे खरे उत्तरायण. त्याला तारे लागत नाहीत, पंचांग लागत नाही. काठी आणि सावली पुरते. दुसरी गोष्ट, सूर्याचा पत्ता. सूर्याच्या मागे कोणते तारे आहेत, यावरून तो कोणत्या राशीत हे ठरते. 'संक्रांत' म्हणजे एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणे. अशा संक्रांती वर्षात बारा असतात. आपण सण एकीचाच थाटात करतो. सूर्य मकर राशीच्या आरंभबिंदूवर आला की ती मकर संक्रांत. ही गोष्ट सावलीवरून कळत नाही. दिवसा सूर्यामागचे तारे दिसत नाहीत, त्यामुळे गणितच करावे लागते.

या दोन गोष्टी एकाच वर्षाच्या मापाने चालत असत्या तर काही बिघडले नसते. पण निसर्गात वर्षे दोन आहेत. सूर्य एका उत्तरायणारंभापासून पुढच्या उत्तरायणारंभापर्यंत यायला ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४५ सेकंद लागतात. हे ऋतूंचे वर्ष, म्हणजे सायन वर्ष. एखाद्या ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी यायला मात्र ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंद लागतात. हे नाक्षत्र वर्ष. फरक जेमतेम २० मिनिटांचा. माणसाच्या आयुष्यात तो जाणवत नाही, पण ७० ते ७२ वर्षांत त्याचा पूर्ण एक दिवस होतो. आपले पारंपरिक पंचांग नाक्षत्र वर्षावर चालते, भिंतीवरचे इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या वर्षावर. म्हणून संक्रांत इंग्रजी तारखांमध्ये हळूहळू पुढे सरकत राहते.

हा वीस मिनिटांचा फरक सापडला कसा, ही गोष्ट सणाइतकीच गोड आहे. इसवी सनापूर्वी १३० च्या सुमारास हिपार्कस नावाचा ग्रीक ज्योतिर्विद रोड्स बेटावर वेध घेत होता. त्याच्यापुढे अलेक्झांड्रियाच्या टिमोखॅरिसने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी नोंदवलेल्या जागा होत्या. त्यातला एक तारा आपल्या चित्रा नक्षत्राचा. टिमोखॅरिसच्या वेळी चित्रा शरदसंपातापासून (सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असताना सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून) ८ अंश दूर होती. हिपार्कसला ती ६ अंशांवर सापडली. दिवसा ताऱ्याचे सूर्यापासूनचे अंतर मोजता येत नाही, म्हणून त्याने युक्ती केली ती चंद्रग्रहणाची. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर असतो. ग्रहण लागलेल्या चंद्रापासून चित्रेचे अंतर मोजले की सूर्यापासूनचे अंतर आपोआप मिळते.

दोन अंशांची ही तफावत त्याने मोजणीची चूक म्हणून सोडून दिली नाही. तारा हलला नसून मोजणीचा आरंभबिंदूच सरकतो आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. वेग मात्र त्याने सावधपणे सांगितला: शंभर वर्षांत निदान एक अंश. पुढे टॉलेमीने हा 'निदान' विसरून बरोबर शंभर वर्षांत एक अंश असे धरले आणि ती चूक शतकानुशतके चालत राहिली. आजचा आकडा वर्षाला सुमारे ५०.३ विकला (एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला), म्हणजे ७१-७२ वर्षांत एक अंश. पूर्ण फेरीला जवळपास २५,८०० वर्षे.

बिंदू सरकतो, कारण पृथ्वी नुसती फिरत नाही, झुलतेही. ती पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिचा व्यास सुमारे १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवांमधून सुमारे १२,७१४ किलोमीटर. म्हणजे पोटाशी ती थोडी सुटलेली आहे. चंद्र आणि सूर्य या सुटलेल्या पोटाला ओढतात. त्यात चंद्राचा वाटा जवळपास दोन तृतीयांश. ही ओढ कललेल्या आसाला सरळ करू पाहते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत नसती तर आस सरळ झालाही असता. फिरणारी वस्तू मात्र ढकलली की ढकललेल्या बाजूला न जाता आडवी वळते. जमिनीवर फिरणारा भोवरा कलला तरी लगेच पडत नाही, त्याचा आस गोल फिरत राहतो, तेच हे. भोवऱ्याचा दाखला सगळेच देतात, पण त्यात एक फरक सांगायचा राहून जातो. भोवऱ्याला गुरुत्वाकर्षण पाडू पाहते, पृथ्वीला मात्र चंद्र-सूर्य उभे करू पाहतात. म्हणून भोवरा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने झुलतो, आणि पृथ्वी फिरते त्याच्या उलट दिशेने झुलते. संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे मागे जातो तो यामुळेच. हे कारण न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. घटना सापडून तेव्हा अठराशे वर्षे झाली होती.

आस झुलतो म्हटल्यावर ध्रुवताराही कायमचा नव्हे. आजचा ध्रुव खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून एक अंशाहून कमी अंतरावर आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तो मान कालेय तारकासमूहातल्या थुबानकडे होता. बारा हजार वर्षांनी ध्रुवबिंदू अभिजितच्या जवळपास असेल. 'ध्रुव' शब्दाचा अर्थ अढळ असा आहे, हे त्या बिचाऱ्याचे दुर्दैव.

आता सणाकडे. आपल्याकडे उत्तरायणाचे महत्त्व फार जुने आहे. भीष्माने शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहिल्याची कथा सर्वांना माहीत आहे. पण जुन्या ग्रंथांत हे उत्तरायण राशींशी जोडलेले नाही, नक्षत्रांशी आहे. वेदांग ज्योतिषात सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी असताना उत्तरायण सुरू होते असे म्हटले आहे. त्यात मेष-वृषभ-मकर या राशी कुठेच नाहीत. बारा राशींची पद्धत इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीकांशी आलेल्या संपर्कातून इथे रुजली. म्हणजे सणाचा 'उत्तरायण' हा भाग प्राचीन आणि 'मकर' हा भाग नंतरचा. दोन्ही एकत्र आले, कारण त्या काळात सूर्याचे वळणे आणि त्याचे मकरेत शिरणे खरोखरच एकाच सुमारास होत होते. कोणी चुकीची समजूत पसरवली नाही. आकाशात तेव्हा ते तसेच दिसत होते.

याचा सर्वांत चांगला साक्षीदार सहाव्या शतकातला वराहमिहिर. बृहत्संहितेत तो म्हणतो की आश्लेषेच्या मध्यापासून दक्षिणायन आणि धनिष्ठेच्या आरंभापासून उत्तरायण असे कधीतरी नक्कीच होते, कारण जुन्या शास्त्रांत तसे सांगितले आहे. पण सध्या एक अयन कर्केच्या आरंभापासून आणि दुसरे मकरेच्या आरंभापासून होते. धनिष्ठेचा आरंभ आणि मकरेचा आरंभ यांत २३ अंश २० कलांचे अंतर आहे. अंशाला ७१.६ वर्षे धरली तर सुमारे १,६७० वर्षे होतात. म्हणजे वेदांग ज्योतिषातली नोंद वराहमिहिराच्या आधी जवळजवळ सतरा शतके, इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाच्या आसपासची ठरते. ग्रंथात काय लिहिले आहे ते न फेकता आणि डोळे झाकून न मानताही त्याने तपासायला सांगितले: दूरच्या खुणेच्या आधाराने सूर्योदय-सूर्यास्त पाहा, नाहीतर मोठ्या वर्तुळात शंकूची (उभ्या काठीची) सावली आत कुठे शिरते आणि बाहेर कुठे पडते ते पाहा. पंचांगावर वाद घालण्याआधी हे दोन मार्ग करून पाहावेत, असे आजही म्हणावेसे वाटते.

मात्र सरकण्याचा नियम इथल्या परंपरेत सहज स्थिरावला नाही. आज मिळणाऱ्या सूर्यसिद्धांतात हा बिंदू लंबकासारखा मागेपुढे २७ अंश झुलतो असे सांगितले आहे, वर्षाला ५४ विकला वेगाने. वेग खऱ्याच्या जवळचा, पण झोका चुकीचा: पृथ्वीचा आस परत फिरत नाही, फेरीच पूर्ण करतो. हा झोका खरा मानला तर संक्रांत कधीतरी आपोआप उत्तरायणापाशी परतेल असे वाटत राहते. पंचांग दुरुस्तीची घाई न वाटण्याचे ते एक कारण असावे.

सायन (ऋतूंवरून केलेल्या) आणि निरयन (ताऱ्यांवरून केलेल्या) मोजणीतल्या अंतराला अयनांश म्हणतात. तो आता सुमारे २४ अंश १२ कला आहे. २०२५ चे खरे उत्तरायण २१ डिसेंबरला रात्री साडेआठच्या सुमारास झाले आणि संक्रांत १४ जानेवारी २०२६ ला दुपारी सव्वातीनच्या सुमारास. अंतर पावणेचोवीस दिवसांचे. अंश चोवीसहून जास्त आणि दिवस चोवीसहून कमी, कारण जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि सूर्य रोज एक अंशाहून किंचित जास्त चालताना दिसतो.

अयनांश किती धरायचा, यावर मात्र महाराष्ट्रात कडाक्याचे वाद झाले आहेत. राशीचक्राची सुरुवात आकाशात कुठेही खिळा ठोकून दाखवलेली नाही. ती कोणत्या ताऱ्यावरून मोजायची हे ठरवावे लागते. एक पक्ष चित्रेचा: चित्रा तारा आरंभबिंदूच्या बरोबर समोर, १८० अंशांवर मानायचा. दुसरा रेवतीचा: रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापाशीच (ओळखीच्या मुख्य ताऱ्यापाशीच) आरंभ मानायचा. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक पडतो, म्हणजे चार दिवसांचा. दाते पंचांग आणि कालनिर्णय चित्रा पक्षाचे. टिळक पंचांग रेवती पक्षाचे, त्यामुळे ते मानणाऱ्या कोकणातल्या व इतर ठिकाणच्या घरांत मकर संक्रांत १० जानेवारीला होते. शेजारच्या घरी चार दिवस आधी तिळगूळ मिळाला तर ते घर चुकले असे नव्हे. त्यांचा तारा वेगळा आहे.

चित्रा पक्ष देशभर रूढ होण्यामागे १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली पंचांग सुधारणा समिती आहे. एन. सी. लाहिरी तिचे सचिव होते. २१ मार्च १९५६ साठी समितीने २३ अंश १५ कला हा अयनांश ठरवला. या मापाने मागे गेले की इसवी सन २८५ च्या सुमारास अयनांश शून्य होतो, म्हणजे तेव्हा संक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी होते. सूर्यसिद्धांताच्या परंपरेने हेच वर्ष ४९९, आणि रेवतीपासून मोजले तर सहाव्या शतकाचा उत्तरार्ध. समितीचाच दुसरा निर्णय कमी लोकांना माहीत असतो: २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका सायन आहे. तिच्यात पौष महिन्याची १ तारीख २२ डिसेंबरला येते. सरकारी दिनदर्शिका ऋतूंबरोबर आणि सण ताऱ्यांबरोबर, अशी ती तडजोड होती.

मग १४ की १५? संक्रांतीची वेळ दर वर्षी सहा तास नऊ मिनिटांनी पुढे जाते. लीप वर्षाचा जादा दिवस येऊन गेला की ती चोवीस तास मागे येते. २०२४ मध्ये (चित्रा पक्षाने) सूर्य मकरेत शिरला १५ जानेवारीला पहाटे तीनच्या आधी. २०२५ मध्ये १४ तारखेला सकाळी नऊला. २०२६ मध्ये दुपारी सव्वातीनला. २०२७ मध्ये १४ तारखेलाच, पण रात्री नऊनंतर. सूर्यास्तानंतर संक्रमण झाले तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून २०२७ ची संक्रांत १५ ला. चार वर्षांत वेळ जितकी पुढे जाते तितकी सगळी या चोवीस तासांत भरून निघत नाही. दर चक्रात सुमारे ३७ मिनिटे उरतात. ती साचत जातात. या हिशेबाने २०४६ च्या आसपास चारपैकी तीन वर्षे १५ तारखेची होतील आणि २०८५ च्या आसपासपासून १४ जानेवारी हातची जाईल. २१०० हे वर्ष चारने भागले तरी लीप नाही, त्यामुळे २१०१ पासून संक्रांत एकदम १६ तारखेवर जाईल. 'संक्रांत हा एकच सण इंग्रजी तारखेने येतो' हे वाक्य नातवंडांना शिकवताना जरा जपून.

मागे गेले तरी हेच. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. त्याहून मागे, १४ जानेवारी १७६१. पानिपतचा रणसंग्राम संक्रांतीच्या दिवशी झाला आणि म्हणून मराठ्यांवर 'संक्रांत कोसळली', असे आपण सर्रास ऐकतो. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, बुधवार होता, संक्रांत नव्हती. १७६१ मध्ये सूर्य मकरेत शिरला तो ९-१० जानेवारीच्या सुमारास. आजची तारीख मागे नेऊन त्या दिवसाला चिकटवल्यामुळे हा योगायोग तयार झाला आहे.

'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' ही म्हण तपासली तर खरी निघते, फक्त वाढ आधीच सुरू झालेली असते. मुंबईत २१ डिसेंबरचा दिवस १० तास ५९ मिनिटांचा, १४ जानेवारीचा ११ तास ५ मिनिटांचा. संक्रांतीच्या सुमारास रोज अर्ध्या मिनिटाची भर पडते. तीळ म्हणायला हरकत नाही. पण ही सगळी भर संध्याकाळच्या बाजूला दिसते. सूर्योदय २१ डिसेंबरला ७ वाजून ७ मिनिटांनी आणि संक्रांतीला ७ वाजून १५ मिनिटांनी, म्हणजे उलट उशिरा! सूर्याची चाल वर्षभर एकसारखी नसल्याने डिसेंबर-जानेवारीत माध्यान्हच रोज थोडी पुढे जाते आणि सकाळची कमाई त्यात बुडते. शाळेला जाणाऱ्या मुलांना जानेवारीत अंधार जास्त वाटतो, तो भास नाही.

काठीचा प्रयोग करणार असाल तर काही गोष्टी आधी सांभाळा. काठी ओळंब्याने सरळ उभी करा. एक अंश जरी कलली तरी सावली पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत चुकते, आणि तुम्ही जो फरक शोधता आहात तो सहाच सेंटिमीटरचा आहे. जमीन पाणसळीने सपाट आहे ना ते पाहा. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, म्हणून पाट किंवा प्लायवूडचा तुकडा पाचर लावून समतल करा. बारा वाजता मोजू नका. पुण्यात खरी माध्यान्ह २१ डिसेंबरला १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास होते आणि १४ जानेवारीला १२ वाजून ४४ च्या आसपास. सव्वाबारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत गेलात, तर सर्वांत आखूड सावली आपोआप सापडेल.

टोक धूसर दिसेल. सूर्य ठिपका नसून अर्धा अंश रुंद तबकडी आहे, त्यामुळे दीडेक सेंटिमीटर पट्टा ना उजेड ना सावली असा राहतो. काठीच्या माथ्यावर छोटे भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मोजा. भोक जमिनीपासून बरोबर एक मीटरवर हवे.

आणि सर्वांत लांब सावली कोणत्या दिवशी पडली ते थेट शोधायला जाऊ नका. २१ डिसेंबरच्या आधी-नंतर पाच दिवसांत सावली फक्त तीन मिलिमीटर बदलते. ती धूसरतेतच हरवते. त्यापेक्षा १ डिसेंबरला माध्यान्हसावलीची पक्की खूण करा आणि जानेवारीत सावली आखडत पुन्हा त्याच खुणेवर कधी येते ते पाहा. ती ११ जानेवारीच्या सुमारास येईल. दोन तारखांच्या मधोमध २१-२२ डिसेंबर निघतो. ढग आले तर एक-दोन दिवस पुढे-मागे मोजून मधला आकडा काढता येतो, कारण त्या काळात सावली रोज चार-पाच मिलिमीटर बदलत असते. ११ तारखेची खूण जुळली की पाट हलवू नका. तीन दिवसांनी, तीळ भाजायला घेण्याआधी, त्याच जागी पुन्हा मोजा.